पामेला कोलमन स्मिथ

पामेला कोलमन स्मिथ (जन्म : लंडन, १६ फेब्रुवारी १८७८, मृत्यू : ब्यूड, कॉर्नवॉल, १८ सप्टेंबर १९५१) या चित्रकार, पुस्तकांच्या सजावटकार, लेखिका, प्रकाशिका आणि लोककथांच्या कथनकार होत्या. त्यांचे आईवडील अमेरिकन होते. स्वतः त्यांचे आयुष्य इंग्लंड, जमैका आणि अमेरिका या तीन ठिकाणी घडले. स्नेहीमंडळींत त्या 'पिक्सी' या टोपणनावाने ओळखल्या जात.

१९०९ साली त्यांनी आर्थर एडवर्ड वेट यांच्या सांगण्यावरून टॅरो या ७८ पत्त्यांच्या संचासाठी चित्रे काढली. लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनसंस्थेने तो संच त्याच वर्षाच्या अखेरीस बाजारात आणला. आज हा टॅरोचा सर्वाधिक प्रसार झालेल्या संचांपैकी एक मानला जातो आणि त्यानंतर निघालेल्या असंख्य संचांची मांडणी त्यावर बेतलेली आहे. तो संच दीर्घकाळ 'रायडर टॅरो' किंवा 'रायडर–वेट टॅरो' म्हणून, म्हणजे प्रकाशक आणि योजक यांच्या नावांनी ओळखला गेला. चित्रकर्तीचे नाव त्यात आले नाही. अलीकडच्या काळात 'रायडर–वेट–स्मिथ' हे नाव रूढ होत आहे.

== बालपण आणि शिक्षण ==

पामेला यांचा जन्म लंडनच्या पिमलिको भागात झाला. चार्ल्स एडवर्ड स्मिथ आणि कोरिन कोलमन यांच्या त्या एकुलत्या एक कन्या. त्यांची पहिली काही वर्षे मँचेस्टरमध्ये गेली. १८८९ साली वडिलांना जमैकातील रेल्वेच्या विस्ताराचे काम करणाऱ्या कंपनीत नोकरी मिळाली आणि कुटुंब किंग्स्टन येथे गेले. जमैकातील वास्तव्यात पामेला यांनी तेथील कृष्णवर्णीय लोकांमध्ये प्रचलित असलेल्या अ‍ॅनान्सीच्या कथा ऐकल्या. अ‍ॅनान्सी हा पश्चिम आफ्रिकेतून गुलामांसोबत कॅरिबियन बेटांवर आलेल्या कथांतला चतुर कोळी. या कथा त्यांनी स्थानिक बोलीसह आत्मसात केल्या. त्यांतील दोन कथा १८९६ साली अमेरिकेतील लोकसाहित्यविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या. तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या.

१८९३ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेश घेतला. तेथे त्यांना आर्थर वेस्ली डाऊ हे शिक्षक लाभले. डाऊ हे जपानी काष्ठमुद्रांचे अभ्यासक होते. निसर्गाची हुबेहूब नक्कल करण्यापेक्षा रेषा, सपाट रंग आणि छायाप्रकाशाची वाटणी यांतून चित्राची रचना साधावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. पामेला यांच्या पुढील सर्व कामात या शिकवणुकीचा ठसा दिसतो. १८९६ मध्ये त्यांच्या आईचे जमैकात निधन झाले. १८९७ साली पदवी न घेताच त्यांनी संस्था सोडली.

== रंगभूमी आणि ग्रंथसजावट ==

१८९९ साल हे पामेला यांच्या व्यावसायिक जीवनाचा आरंभ मानले जाते. त्या वर्षी त्यांचे 'अ‍ॅनान्सी स्टोरीज' हे पुस्तक निघाले, तसेच त्यांनी सजवलेली इतर काही पुस्तकेही प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी वडिलांचेही निधन झाले. एकविसाव्या वर्षी आईवडिलांचे छत्र हरपल्यावर त्या इंग्लंडला परतल्या. लंडनच्या लायसियम नाट्यगृहातील मंडळींनी, विशेषतः विख्यात अभिनेत्री एलेन टेरी आणि त्यांच्या कन्या एडिथ क्रेग यांनी, त्यांना आपलेसे केले. 'पिक्सी' हे टोपणनाव एलेन टेरी यांनीच दिले, असे सांगितले जाते. लायसियमच्या दौऱ्यांत त्या सहभागी झाल्या, वेशभूषा आणि नेपथ्य यांची कामे त्यांनी केली. पुठ्ठ्याच्या छोट्या रंगमंचावर बाहुल्यांचे खेळही त्या करीत. पुढे 'ड्रॅक्युला' या कादंबरीमुळे प्रसिद्ध झालेले ब्रॅम स्टोकर हे तेव्हा या नाट्यगृहाचे व्यवस्थापक होते. स्टोकर यांच्या १९११ सालच्या 'द लेअर ऑफ द व्हाइट वर्म' या कादंबरीसाठी पामेला यांनी चित्रे काढली.

लंडनमधील त्यांच्या चित्रशाळेत आठवड्यातून एकदा लेखक, चित्रकार आणि नट यांची बैठक भरत असे. तेथे त्या अ‍ॅनान्सीच्या कथा साभिनय सांगत. आर्थर रॅन्सम यांनी १९०७ सालच्या 'बोहेमिया इन लंडन' या पुस्तकात अशाच एका संध्याकाळचे वर्णन केले आहे.

१९०२ साली चित्रकार जॅक येट्स यांच्यासह त्यांनी 'अ ब्रॉड शीट' या चित्रमय पत्रकाचे काम पाहिले. १९०३ मध्ये त्यांनी स्वतःचे 'द ग्रीन शीफ' हे नियतकालिक सुरू केले. १९०४ पर्यंत त्याचे १३ अंक निघाले. छापील रेखाटनांमध्ये हाताने रंग भरण्याचे काम त्या करीत. पुढे याच नावाने त्यांनी छोटी प्रकाशनसंस्थाही चालवली आणि प्रामुख्याने स्त्रियांचे लेखन प्रसिद्ध केले. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीसाठी भित्तिपत्रके व चित्रे तयार करणाऱ्या 'सफ्रेज अ‍ॅटेलिए' या कलाकारांच्या गटातही त्यांनी काम केले.

== संगीतातून चित्रे ==

संगीत ऐकताना डोळ्यांपुढे आकृती उभ्या राहतात, असे पामेला सांगत. एका इंद्रियाच्या अनुभवातून दुसऱ्या इंद्रियाचा अनुभव जागा होण्याच्या या प्रकाराला सिनेस्थेशिया असे म्हणतात. मैफलीत बसून, वादन चालू असतानाच त्या झपाट्याने चित्रे काढीत. बाख, बेथोव्हन, शुमान आणि देब्यूसी यांच्या रचनांवरील त्यांची चित्रे प्रसिद्ध आहेत.

या चित्रांकडे न्यूयॉर्कचे छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांचे लक्ष गेले. जानेवारी १९०७ मध्ये त्यांनी आपल्या '२९१' या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या कलादालनात पामेला यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरवले. तोपर्यंत या दालनात केवळ छायाचित्रेच मांडली जात. छायाचित्रकार नसलेल्या कलाकाराचे तेथील हे पहिले प्रदर्शन होय. रोदँ, मातीस, सेझान, पिकासो यांची कामे त्या भिंतींवर नंतर आली. प्रदर्शनाला चांगला प्रतिसाद मिळाला आणि अनेक चित्रे विकली गेली. १९०८ आणि १९०९ मध्येही त्यांची चित्रे तेथे मांडली गेली.

जुलै १९०८ मध्ये 'द क्राफ्ट्समन' या अमेरिकन मासिकात कलाविद्यार्थ्यांना उद्देशून त्यांनी एक लेख लिहिला. कलाविद्यार्थ्याने केवळ हात न घडवता विचारही करावा, भोवतालची माणसे आणि त्यांचे हावभाव निरखावेत, रंगभूमी पाहावी आणि तिच्यापासून शिकावे, असा त्याचा आशय आहे. पुढच्याच वर्षी हाती घेतलेल्या पत्त्यांच्या कामाची पूर्वतयारी म्हणून अभ्यासक या लेखाकडे पाहतात.

== टॅरो : पार्श्वभूमी ==

टॅरोचा उगम पंधराव्या शतकात उत्तर इटलीत झाला. मुळात हा पत्त्यांचा खेळच होता. तेथील नेहमीच्या चार रंगांच्या पत्त्यांना चित्रमय पत्त्यांची एक वेगळी मालिका जोडली गेली आणि ही मालिका हुकमाच्या पानांसारखी वापरली जाऊ लागली. हात करण्याचा हा खेळ फ्रान्स, ऑस्ट्रिया आणि शेजारच्या देशांत आजही खेळला जातो. १७८१ साली फ्रान्समध्ये आंत्वान कूर द जेब्लँ यांनी या पत्त्यांत प्राचीन इजिप्तचे गूढ ज्ञान दडले आहे असा सिद्धान्त मांडला. त्याला ऐतिहासिक आधार नव्हता. तथापि त्यानंतर भविष्यकथन आणि गूढविद्या यांसाठी टॅरोचा वापर वाढत गेला.

संपूर्ण संचात ७८ पत्ते असतात. त्यांचे दोन भाग पडतात :

* मेजर आर्काना (मोठे गूढ) : २२ पत्ते. मूर्ख, जादूगार, सम्राज्ञी, सम्राट, प्रेमिक, दैवचक्र, मृत्यू, मनोरा, चंद्र, सूर्य इत्यादी.
* मायनर आर्काना (लहान गूढ) : ५६ पत्ते. दंड, चषक, खड्ग आणि मुद्रा असे चार रंग; प्रत्येक रंगात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा आकडी पत्ते आणि सेवक, सरदार, राणी व राजा असे चार चित्रपत्ते.

प्रचलित पत्त्यांतील किलवर, बदाम, इस्पिक आणि चौकट यांची सांगड सामान्यतः अनुक्रमे दंड, चषक, खड्ग व मुद्रा यांच्याशी घातली जाते. जुन्या टॅरो संचांत मोठ्या गूढांवर आणि चित्रपत्त्यांवर माणसांच्या आकृती असत. आकडी पत्त्यांवर मात्र केवळ चिन्हांची मांडणी असे. चषकांची पंजी म्हणजे पाच चषक, खड्गांची नव्वी म्हणजे नऊ खड्गे; त्यापलीकडे पत्ता काही सांगत नसे.

पामेला १९०१ साली 'हर्मेटिक ऑर्डर ऑफ द गोल्डन डॉन' या गूढविद्येच्या मंडळाच्या सदस्य झाल्या. कवी विल्यम बटलर येट्स यांच्या परिचयातून त्या तेथे आल्या. मंडळात फूट पडल्यावर त्या आर्थर एडवर्ड वेट यांच्या गटाबरोबर राहिल्या. वेट (१८५७–१९४२) हे गूढविद्येच्या इतिहासाचे अभ्यासक आणि विपुल ग्रंथलेखन करणारे लेखक होते. टॅरोचा नवा, कलात्मक आणि प्रतीकांच्या दृष्टीने शुद्ध केलेला संच काढावा, अशी त्यांची योजना होती. चित्रकलेचे अंग आणि गूढविद्येची ओळख या दोन्ही गोष्टी असलेली व्यक्ती त्यांना त्यांच्याच मंडळात सापडली.

== संचाची निर्मिती ==

पामेला यांनी हे काम १९०९ मध्ये सुमारे सहा महिन्यांत पूर्ण केले. १९ नोव्हेंबर १९०९ रोजी स्टीग्लिट्झ यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ८० आकृत्यांचे मोठे काम नुकतेच हातावेगळे केल्याचे आणि त्याचा मोबदला फार थोडा मिळाल्याचे कळवले. रंगीत छपाई बहुधा वाईटच होईल, अशी शंकाही त्यांनी त्याच पत्रात व्यक्त केली. काही मूळ चित्रे विक्रीसाठी पाठवण्याचा त्यांचा विचार होता. संचाच्या निर्मितीविषयी चित्रकर्तीच्या स्वतःच्या हातचा हा दुर्मीळ पुरावा आहे.

=== श्रमविभाग ===

मोठ्या गूढांच्या २२ पत्त्यांबाबत वेट यांचे मार्गदर्शन तपशीलवार होते. कोणते प्रतीक कोठे यावे, काय गाळावे, हे त्यांनी ठरवले. 'बल' आणि 'न्याय' या पत्त्यांचे परंपरागत क्रमांक बदलून त्यांनी 'बल' आठव्या आणि 'न्याय' अकराव्या स्थानी आणला. लहान गूढांच्या बाबतीत मात्र त्यांच्या सूचना त्रोटक होत्या आणि या ५६ पत्त्यांतील दृश्ये बव्हंशी पामेला यांनी स्वतः कल्पिली, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. संचाचे वेगळेपण मुख्यतः याच पत्त्यांत असल्याने श्रेयाच्या चर्चेत ही विभागणी निर्णायक ठरते.

=== आकडी पत्त्यांवरील दृश्ये ===

पामेला यांनी चाळीसही आकडी पत्त्यांना चित्ररूप दिले. चिन्हांची संख्या तीच राहिली, पण बहुतेक पत्त्यांवर ती एखाद्या प्रसंगात गुंफली गेली. काही उदाहरणे :

* मुद्रांची पंजी : बर्फ पडत असताना दोन दरिद्री माणसे उजळलेल्या रंगीत काचेच्या खिडकीखालून जात आहेत. एक कुबड्यांवर, दुसरी अनवाणी. पाचही मुद्रा खिडकीच्या नक्षीत आहेत, म्हणजे संपत्ती आत आणि माणसे बाहेर.
* खड्गांची छक्की : नावाडी होडी ढकलतो आहे, होडीत डोक्यावरून वस्त्र ओढून बसलेली स्त्री आणि मूल. सहा खड्गे होडीत उभी रोवलेली. सर्वांची पाठ पाहणाऱ्याकडे आहे.
* खड्गांची नव्वी : अंथरुणात उठून बसलेली, चेहरा ओंजळीत झाकलेली व्यक्ती, मागे काळोखात नऊ आडवी खड्गे.
* मुद्रांची अठ्ठी : कामाच्या बाकावर बसून छिन्नी-हातोड्याने मुद्रा कोरणारा कारागीर; तयार मुद्रा शेजारच्या खांबावर टांगलेल्या.
* मुद्रांची तिर्री : प्रार्थनामंदिरात काम करणारा शिल्पी आणि आराखडा हाती घेऊन त्याच्याशी बोलणारे दोघे.

या पद्धतीमुळे पत्त्यांचे अर्थ पाठ करण्याची गरज कमी झाली. अनभिज्ञ माणसालाही चित्र पाहून काही अर्थ लावता येऊ लागला. संचाच्या प्रसाराचे हे प्रमुख कारण मानले जाते.

=== सोला-बुस्का संच ===

आकडी पत्त्यांवर माणसे रेखाटण्याचा एक जुना दाखला उपलब्ध होता. पंधराव्या शतकाच्या अखेरीस उत्तर इटलीत तयार झालेल्या सोला-बुस्का टॅरोच्या आकडी पत्त्यांवर आकृती आहेत. त्या पत्त्यांची छायाचित्रे १९०७ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला मिळाली होती. पामेला यांनी ती पाहिली असावीत, हे काही पत्त्यांच्या साम्यावरून स्पष्ट होते. तीन खड्गांनी विद्ध झालेले हृदय दोन्ही संचांत आहे. सोला-बुस्कामध्ये दहा खड्गांचा भारा वाहून वाकलेला माणूस पामेला यांच्या संचात दहा दंडांचा भारा वाहताना दिसतो. तथापि अशी थेट उचल थोड्याच पत्त्यांपुरती मर्यादित आहे. मूळ सोला-बुस्का संच २००९ पासून मिलान येथील पिनाकोतेका दि ब्रेरा या कलासंग्रहालयात आहे.

=== चित्रशैली ===

सर्व पत्त्यांना ठळक काळ्या बाह्यरेषा असून आत सपाट रंग आहेत. जपानी काष्ठमुद्रा आणि डाऊ यांची शिकवण यांचा हा परिणाम होय. लहान आकाराच्या पत्त्यावर दुरूनही आकृती ओळखू यावी यासाठी ही पद्धत उपयुक्त ठरली. वेशभूषा मध्ययुगीन नाटकांच्या धर्तीची आहे. माणसांच्या उभे राहण्याच्या ढबी, हातांच्या मुद्रा आणि मान वळवण्याची रीत यांवर रंगभूमीची छाप आहे. कित्येक पत्त्यांत पुढील सपाट जमीन आणि मागील देखावा यांच्यामध्ये आडव्या रेषा दिसतात. त्यामुळे पात्रे रंगमंचावर, चित्रित पडद्यासमोर उभी असल्याचा भास होतो. काही चेहऱ्यांत एलेन टेरी आणि अभिनेत्री फ्लॉरेन्स फार यांचे साम्य असल्याचे काही अभ्यासक सुचवतात.

पी, सी आणि एस ही आद्याक्षरे सर्पाकृती वळणात गुंफून पामेला यांनी तयार केलेली नाममुद्रा त्यांच्या चित्रांवर असते. ती पत्त्यांवरही आहे. खोक्यावर नाव नसले तरी पत्त्यांवर सही राहिली.

== प्रकाशन आणि मोबदला ==

संच डिसेंबर १९०९ मध्ये विक्रीस आला. वेट यांनी त्याच महिन्यात 'द ऑकल्ट रिव्ह्यू' या मासिकात लेख लिहून त्याची ओळख करून दिली. पत्त्यांचे अर्थ सांगणारी त्यांची पुस्तिका त्यानंतर निघाली आणि १९११ मध्ये तिची चित्रांसह विस्तारित आवृत्ती 'द पिक्टोरियल की टू द टॅरो' या नावाने प्रसिद्ध झाली. या ग्रंथात चित्रकर्तीचा नामोल्लेख आहे.

पत्ते शिळामुद्रणाने रंगीत छापले गेले. पामेला यांना कामाचा एकरकमी मोबदला मिळाला. विक्रीच्या प्रमाणात मानधन मिळण्याची तरतूद नव्हती. म्हणून संच पुढे कितीही खपला तरी त्याचा लाभ त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. प्रकाशकाने ठरावीक रकमेत चित्रे विकत घेणे ही त्या काळी ग्रंथसजावटीच्या व्यवसायात रूढ पद्धत होती. पत्त्यांसाठी काढलेली मूळ चित्रे आज उपलब्ध नाहीत. त्यामुळे पामेला यांनी कोणते रंग योजले होते आणि छपाईत किती बदल झाला, याचा अंदाज सुरुवातीच्या छापील संचांवरूनच बांधावा लागतो.

== उत्तरायुष्य ==

१९११ साली पामेला यांनी रोमन कॅथलिक पंथ स्वीकारला. गूढविद्येच्या मंडळांशी असलेला त्यांचा संबंध त्यानंतर ओसरला. १९१३ साली एलेन टेरी यांच्या रशियन बॅलेवरील पुस्तकासाठी आणि १९१४ साली मुलांसाठीच्या एका कथासंग्रहासाठी त्यांनी चित्रे काढली. पहिल्या महायुद्धानंतर मात्र त्यांना मिळणारी कामे घटली. चित्रकलेतील अभिरुची बदलली होती आणि प्रतीकवादी धाटणीची चित्रे जुनी वाटू लागली होती.

युद्धानंतर काकांच्या वारशाने आलेल्या पैशातून त्यांनी कॉर्नवॉलच्या दक्षिण टोकाला, लिझर्ड येथे, घर घेतले. कॅथलिक धर्मगुरूंना विश्रांतीसाठी येऊन राहता यावे अशी सोय त्यांनी तेथे केली. हा उपक्रम आर्थिकदृष्ट्या टिकला नाही. अखेरच्या वर्षांत त्या कॉर्नवॉलच्या उत्तर किनाऱ्यावरील ब्यूड या गावी राहिल्या. १८ सप्टेंबर १९५१ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्या अविवाहित होत्या. मागे राहिलेले देणे फेडण्यासाठी त्यांच्या वस्तूंचा लिलाव करण्यात आला. त्यांत त्यांची चित्रेही होती.

== श्रेय आणि पुनर्मूल्यांकन ==

पामेला यांच्या मृत्यूच्या वेळी टॅरोचा हा संच मर्यादित वर्तुळातच परिचित होता. १९७० च्या दशकाच्या आरंभी स्टुअर्ट कॅप्लन यांच्या यू. एस. गेम्स सिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने तो नव्याने प्रसिद्ध केला. त्या काळी पाश्चात्त्य तरुणांमध्ये गूढविद्येविषयी कुतूहल वाढले होते. त्यामुळे संचाचा खप झपाट्याने वाढला. खोक्यावर मात्र प्रकाशक आणि वेट यांचीच नावे राहिली.

१९७५ साली कला-इतिहासकार मेलिंडा बॉइड पार्सन्स यांच्या पुढाकाराने डेलावेअर आणि प्रिन्स्टन येथे पामेला यांच्या कामाचे प्रदर्शन भरले. त्यांच्याकडे केवळ पत्त्यांच्या चित्रकर्त्री म्हणून न पाहता त्यांच्या एकूण कलाकार्याची दखल घेण्याचा हा महत्त्वाचा प्रयत्न होता. संचाच्या शताब्दीनिमित्त २००९ साली काढलेल्या स्मृतिसंचाला त्यांचे नाव देण्यात आले. २०१८ मध्ये कॅप्लन, मेरी ग्रीअर, एलिझाबेथ फोली ओ'कॉनर आणि पार्सन्स यांनी मिळून लिहिलेला सविस्तर चरित्रग्रंथ प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये २०२२ साली सुरू झालेल्या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अमेरिकन आधुनिक कलेवरील प्रदर्शनात त्यांच्या कामाचा समावेश होता. 'द वेव्ह' (१९०३) हे त्यांचे जलरंगातील चित्र या संग्रहालयाच्या मालकीचे आहे.

संचाला कोणते नाव द्यावे, हा वाद श्रेयाच्या प्रश्नाशी जोडलेला आहे. प्रकाशकाचे नाव गाळून 'वेट–स्मिथ' म्हणावे असे काहींचे मत आहे, तर चित्रे हाच पत्त्यांचा गाभा असल्याने स्मिथ यांचे नाव आधी यावे असे इतर म्हणतात. वेट यांच्या बाजूने असे सांगितले जाते की योजना, प्रतीकांची निवड आणि प्रकाशकाशी व्यवहार त्यांचा होता आणि मोठ्या गूढांची मांडणी त्यांच्या अभ्यासातून आली. दोघांच्या सहकार्याविना हा संच झाला नसता, याविषयी मात्र मतभेद नाही.

ब्रिटनमधील कायद्यानुसार कलाकृतीचा स्वामित्वहक्क कलाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतो. त्यामुळे या चित्रांवरील तेथील हक्क २०२१ च्या अखेरीस संपुष्टात आला.

== प्रभाव ==

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निघालेल्या इंग्रजी भाषक जगातील बहुसंख्य टॅरो संचांनी आकडी पत्त्यांवर प्रसंगचित्रे देण्याची पद्धत स्वीकारली. पुष्कळ संचांत पामेला यांचीच दृश्ये नव्या वेशभूषेत किंवा नव्या रंगांत येतात. स्वतःचा संच रचणाऱ्या चित्रकारांसाठी हा संच आराखड्यासारखा झाला आहे. एखाद्या पत्त्यावर त्यांनी योजलेला प्रसंगच त्या पत्त्याचा अर्थ म्हणून रूढ झाल्याचीही उदाहरणे आहेत.

साहित्यातही याचे पडसाद आहेत. टी. एस. एलियट यांच्या 'द वेस्ट लँड' (१९२२) या काव्यात टॅरोचे पत्ते येतात. त्यांतील तीन काठ्यांसह असलेला माणूस हा पामेला यांच्या दंडांच्या तिर्रीवरून आला असावा, असे काही समीक्षक मानतात. कारण जुन्या प्रचलित संचांत त्या पत्त्यावर माणूस नसे.

== निवडक साहित्य ==

* अ‍ॅनान्सी स्टोरीज (१८९९) : लेखन व चित्रे
* विडिकम फेअर (१८९९) : चित्रे
* द ग्रीन शीफ (१९०३–०४) : संपादन, चित्रे व प्रकाशन
* चिम-चिम : फोक स्टोरीज फ्रॉम जमैका (१९०५) : लेखन व चित्रे
* टॅरो पत्त्यांचा संच (१९०९) : चित्रे
* द लेअर ऑफ द व्हाइट वर्म, लेखक ब्रॅम स्टोकर (१९११) : चित्रे
* द रशियन बॅले, लेखिका एलेन टेरी (१९१३) : चित्रे